नमुना डर्बनमध्येच राहिला तेव्हा

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराच्या दक्षिणेला उमलाझी नावाची मोठी वस्ती आहे. वर्णभेदाच्या राजवटीत कृष्णवर्णीयांना शहराबाहेर ठेवण्यासाठी वसवलेली. 2012 च्या अखेरीला तिथे एक उपक्रम सुरू झाला. अठरा ते तेवीस वयाच्या, एचआयव्हीची लागण नसलेल्या मुली आठवड्यातून दोनदा यायच्या. बोटाला सुई टोचायची, थोडंसं रक्त प्रयोगशाळेकडे जायचं, आणि मुली वर्गात जाऊन बसायच्या. नोकरीचा अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, कॉम्प्युटर, स्वतःची काळजी, नको असेल तेव्हा नाही म्हणणं, असे विषय. अभ्यासक्रम पुरा झाला की नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळवायला मदत.

उपक्रमाचं नाव ‘फ्रेश’. सुई आठवड्यातून दोनदा का, तर विषाणू शरीरात शिरल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात आणि नेहमीची चाचणी अँटिबॉडीच शोधते. तोवर बराच खेळ होऊन गेलेला असतो. त्याआधी काही दिवसांची एक फट असते. रक्तात विषाणूचं आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडतं, बाकी काही नाही. त्या फटीत लागण पकडायची तर सतत बघत राहायला लागतं. उमलाझीत लागणीचं प्रमाण इतकं होतं की शंभर मुलींमागे वर्षाला साधारण आठ. क्वाझुलू-नाताल प्रांतात 2017 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार 15 ते 49 वयोगटातल्या 27 टक्के लोकांना एचआयव्ही होता. असे आकडे वाचून आपण हळहळतो आणि पुढे जातो. संशोधकाला मात्र त्यातून हेही दिसतं की अगदी पहिल्या दिवसांतली लागण कुठे पकडता येईल, तर इथेच.

हे प्रकरण त्या थेंबाचं आहे. तो कुठे गेला, कुणी तपासला, आणि तो तपासता तपासता कोण शास्त्रज्ञ झालं.

आधी माझं सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. सकाळी रक्ताच्या ट्यूब यायच्या. फायकॉल नावाच्या दाट द्रवावर हलक्या हाताने रक्त सोडायचं, सेंट्रिफ्यूज लावायचं, की मधे पांढऱ्या पेशींचा ढगासारखा एक पांढुरका थर तरंगतो. तो पिपेटने उचलायचा. हात जरा थरथरला की खालच्या लाल पेशी वर येतात आणि सगळं मुसळ केरात. मग पेशी मोजायच्या, क्रायोव्हायल म्हणजे गोठवायच्या छोट्या कुप्यांमध्ये भरायच्या, गोठवायच्या. ठरावीक दिवशी थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरून, सरकारी परवानगीचे कागद चिकटवून खोका परदेशी रवाना. त्या पेशींवर पुढे काय झालं ते आम्हाला दोन-तीन वर्षांनी पेपर छापून आल्यावर समजायचं. पेपरच्या तळाशी आभारात ‘लॅब स्टाफ’ असे दोन शब्द. माझी त्याबद्दल तेव्हा तक्रार नव्हती. आमच्या गाईडचीही नव्हती, आणि हेच मला आता जास्त खटकतं. त्यांना प्रश्न पडत होते, चांगले प्रश्न पडत होते. पण ते विचारायला हाताशी पेशीच नव्हत्या. त्या बाल्टिमोर की बोस्टनच्या टाकीत.

मोजपट्टी दुसऱ्याच्या घरची

एचआयव्ही एक नाही, त्याचे उपप्रकार आहेत. अमेरिका-युरोपात बी, आणि आफ्रिकेच्या दक्षिणेला व भारतात सी. जगातल्या जवळपास निम्म्या लागणी सी उपप्रकाराच्या आहेत. तरी या विषाणूच्या जनुकांतल्या जागा मोजायची जी पट्टी सगळं जग वापरतं ती एचएक्सबी-2 नावाच्या एका बी विषाणूची. पुण्यात किंवा डर्बनमध्ये सापडलेल्या विषाणूतला बदल सांगायचा तरी त्याच पट्टीवरचा आकडा सांगायचा.

आकड्यांपुरतं चालून जातं. पूर्ण बरं करण्याच्या संशोधनात मात्र हे अंगाशी येतं. औषधं चालू असताना रक्तात विषाणू दिसत नाही, पण तो काही पेशींच्या डीएनएत घुसून गप्प बसलेला असतो. औषध थांबलं की दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांमध्ये परत उठतो. या सुप्त साठ्यातला बहुतेक माल मोडका असतो, त्यातून पुन्हा विषाणू तयार होऊ शकत नाही. धोका धडधाकट प्रतींचा. त्या मोजायची एक पद्धत 2019 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काढली. विषाणूच्या जनुकावर दोन ठिकाणी खुणा शोधायच्या, दोन्ही सापडल्या तर प्रत धड. या खुणा शोधणारे प्रायमर, म्हणजे ठरावीक अक्षरांनाच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, बी उपप्रकाराला बेतलेले होते. सी विषाणूत त्या जागची अक्षरं थोडी वेगळी असली की प्रायमर चिकटत नाही आणि यंत्र सांगतं, धड प्रत नाही.

कल्पना करा, डर्बनमधल्या एखाद्या नव्या विद्यार्थ्याने किट जसंच्या तसं वापरलं. पडद्यावर शून्य. साठा संपला! उत्साही माणूस त्याच संध्याकाळी गाईडला फोन करेल. जाणता गाईड विचारेल, ‘आधी या बाईच्या विषाणूचा क्रम वाचलास का?’ परक्या किटच्या शून्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही, हे कळायला स्वतःच्या भागातल्या विषाणूंचे शेकडो क्रम डोळ्यांखालून जावे लागतात. पंधरा दिवसांच्या कार्यशाळेत ही नजर येत नाही. कार्यशाळा वाईट असते असं नाही. आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीची ‘रिसर्च फॉर क्युअर अकादमी’ अशाच प्रदेशांतल्या तरुण संशोधकांसाठी भरते आणि तिथे ओळखी होतात, भाषा कळते. पण ओळखी घेऊन परतल्यावर फ्रीजर उघडला आणि तो रिकामा असेल, तर पुढे काय?

थुम्बी न्दुंगू

या माणसाचा प्रवास बघण्यासारखा आहे. केनियाचा. नैरोबीत पशुवैद्यकाचं शिक्षण, मग हार्वर्डला मॅक्स एसेक्स यांच्याकडे पीएचडी. तिथे त्यांनी सी उपप्रकाराच्या विषाणूचा, पेशींना लागण करू शकेल असा पूर्ण क्लोन, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेली हुबेहूब प्रत, तयार केला. एमजे-4 हे त्याचं नाव, प्रसिद्धी 2001 ची. सी विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना घरचं म्हणावं असं हत्यार मिळालं. फक्त गंमत अशी, की विषाणू होता बोट्स्वानातल्या रुग्णाचा आणि क्लोन आला हार्वर्डच्या गटातून. म्हणजे त्यांचं स्वतःचं घडणंही नमुन्यामागोमाग परदेशात गेलेलं.

पुढे ते बोट्स्वानात आले आणि 2005 मध्ये डर्बनला. तिथे क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एचआयव्ही पॅथोजेनेसिस प्रोग्रॅम नावाची प्रयोगशाळा होती. हार्वर्डचे ब्रूस वॉकर आणि स्थानिक डॉक्टरांनी ती उभी केली तो काळ आठवावा लागेल. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते. 2000 सालची जागतिक एड्स परिषद याच डर्बनमध्ये भरली आणि तिथेही तो वाद गाजला. सरकारी दवाखान्यांतून औषधं मिळायला 2004 उजाडलं. वॉर्डात माणसं मरत असताना त्याच आवारात पेशी गोठवण्याची टाकी बसवायची, याला काय म्हणायचं? काही जण थंडपणा म्हणतील. मला तो हट्ट वाटतो, आणि बरोबर हट्ट.

2009 मध्ये अमेरिकेच्या हॉवर्ड ह्यूज संस्थेने विद्यापीठाबरोबर डर्बनमध्ये क्षयरोग आणि एचआयव्हीची मोठी संशोधन संस्था उभारायचं जाहीर केलं. 2016 मध्ये ती ग्रामीण भागातल्या आफ्रिका सेंटरमध्ये विलीन होऊन आफ्रिका हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूट झाली. इमारती, यंत्रं, फलक हे सगळं आलं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते न्दुंगू यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं सँथे नावाचं जाळं. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, केनिया, झांबिया अशा देशांतल्या केंद्रांत एमएस्सीपासून पोस्टडॉकपर्यंतच्या जागा. पैसा मुख्यतः ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसारख्या ठिकाणचा, पण विद्यार्थी आफ्रिकेतला, नोंदणी आफ्रिकेतल्या विद्यापीठात, आणि प्रश्न तिथल्या रोगाचा. बोट्स्वानाच्या मुलीला एखादं तंत्र शिकायचं तर ती डर्बनला जाणार. बोस्टनलाही जाईल, काही महिने, पण परतीचं तिकीट आणि परतल्यावर बसायची खुर्ची आधीच ठरलेली.

आपल्याकडे गाईड या शब्दाला एक वास आहे. सही करणारा, अडवणारा, पेपरवर शेवटचं नाव लावणारा. तिकडेही असे असतीलच. पण खुर्ची राखून ठेवणं हे मार्गदर्शनाचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोठं काम आहे. ते भाषणात कुणी सांगत नाही.

खटकणारी जागा

फ्रेशची गोष्ट नुसती गोड करून सांगितली तर ते खोटं होईल. सुरुवातीच्या दोनेक वर्षांत ज्या मुलींना लागण झाली त्यांना ती सांगितली गेली, समुपदेशन झालं, सीडीफोर (विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघितलं गेलं, पण औषध लगेच सुरू झालं नाही. त्या वेळच्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नियमानुसार सीडीफोर ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषध मिळायचं. त्यामुळे उपचाराविना विषाणू आणि शरीर यांच्यात पहिल्या दिवसांत काय झुंज होते हे बघता आलं. 2015 मध्ये ‘इम्युनिटी’ नियतकालिकात आलेला पेपर याच नमुन्यांवरचा. पहिलं नाव झाझा न्ध्लोवू यांचं. ज्यांच्यात सीडीएट पेशींचा, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशींचा, पहिला प्रतिसाद जोरात आला त्यांच्यात पुढे विषाणूची पातळी खाली स्थिरावली, असं त्यातून दिसलं. जगात फार कुणाकडे इतक्या सुरुवातीचे नमुने नव्हते.

नियम पाळले गेले होते हे खरं. लगेच औषध देणं सरळ सरळ फायद्याचं आहे हे मोठ्या चाचणीतून 2015 मध्ये सिद्ध झालं आणि दक्षिण आफ्रिकेने सर्वांना औषध द्यायचं धोरण 2016 मध्ये आणलं, हेही खरं. फ्रेशने त्याआधीच, 2014 मध्ये, लागण कळताच साधारण दिवसाभरात औषध सुरू करायला सुरुवात केली. तरी त्या पहिल्या मुली मनातून जात नाहीत. त्यांच्या वयाची पोरगी घरात असती तर आपण सरकारी नियमाचा कागद दाखवून समाधान मानलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे. आणि तरी तो पेपर मी दोनदा वाचला, कारण त्यातली माहिती मोलाची आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहतात.

इथे स्थानिक शास्त्रज्ञ असण्याने फरक पडतो असं मला वाटतं. परगावचा संशोधक नमुना घेऊन गेला की त्याला त्या मुली पुन्हा दिसत नाहीत. डर्बनच्या संशोधकाला त्या वाटेत भेटू शकतात.

पुढचा पेच शब्दाचा. इंग्रजीत ‘क्युअर ट्रायल’ म्हणणं सोपं आहे. पण ऐकणाऱ्या बाईला ‘बरं करणारी चाचणी’ असं ऐकू येतं. क्वाझुलू-नातालमध्ये 2006 च्या सुमाराला ‘उभेजाने’ नावाचा काढा एड्सवरचा इलाज म्हणून बाटल्यांतून विकला जात होता. मोठमोठ्यांनी त्याची पाठराखण केली. आपल्याकडच्या ‘हमखास इलाज’वाल्या जाहिराती ज्यांनी एसटी स्टँडच्या भिंतींवर वाचल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. संमतिपत्रक समजावताना हा सगळा इतिहास समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. झुलू बोलणारी, तिथेच वाढलेली नर्स किंवा डॉक्टर ‘यातून तुला बरं वाटेलच असं नाही’ हे ज्या शब्दांत सांगेल, ते बाहेरच्याच्या तोंडी येत नाहीत.

वीस बायका

2014 नंतर लगेच औषध सुरू झालेल्या बायकांचा साठा कसा असतो, हा पुढचा प्रश्न. डर्बनच्या गटाने बोस्टनच्या सहकाऱ्यांबरोबर एकेका पेशीतल्या विषाणूचा क्रम वाचला. पहिल्या नावाच्या संशोधक कविधा रेड्डी, शेवटचं नाव न्दुंगू. लवकर औषध दिलं की साठा लहान राहतो, त्यात विविधता कमी असते, धड प्रती भराभर घटतात. पण शून्य होत नाहीत. अगदी पहिल्या दिवसांत औषध देऊनही विषाणू आधीच दडी मारून बसलेला.

मग याच बायकांमधल्या वीस जणींची चाचणी झाली. प्रायोजक गिलियड कंपनी. व्हेसाटोलिमॉड नावाची, झोपलेल्या विषाणूला आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारी गोळी, आणि बरोबर शिरेतून दोन अँटिबॉडी. त्यातल्या एकीचं नाव कॅप256व्ही2एलएस. हे नाव जरा थांबून वाचण्यासारखं आहे. कॅप म्हणजे कॅप्रिसा, डर्बनची सलीम आणि कुरेशा अब्दुल करीम यांची संस्था, आणि 256 हा तिथल्या एका अभ्यासातल्या सहभागी बाईचा क्रमांक. क्वाझुलू-नातालच्या त्या बाईच्या शरीराने सी विषाणूवर जबर मारा करणारी अँटिबॉडी स्वतःहून बनवली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ती ओळखली, अमेरिकेच्या व्हॅक्सिन रिसर्च सेंटरबरोबर ती घडवली गेली, आणि शेवटी ती त्याच प्रांतातल्या दुसऱ्या बायकांच्या शिरेत गेली. बी विषाणूवर ती फारशी चालत नाही. बोस्टनच्या रुग्णावर ती वापरायचा विचार कुणी केला नसता आणि मग ती बनलीही नसती.

अँटिबॉडी दिल्यावर नेहमीची औषधं थांबवली, बारीक लक्ष ठेवून. नमुने जवळ तपासले जात होते म्हणून विषाणू परततोय का हे वेळेत कळत होतं. निकाल मार्च 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडला गेला. वीसपैकी चौघी 55 आठवड्यांच्या निरीक्षणाच्या शेवटापर्यंत औषधाविना राहिल्या. बाकी बहुतेकींमध्ये विषाणू परतला, औषधं पुन्हा सुरू झाली. तुलनेचा गट नव्हता, संख्या लहान, त्यामुळे याला इलाज म्हणणं म्हणजे पुन्हा तोच काढा विकणं. पण त्या चौघींच्या पेशींत काय वेगळं घडलं? याचं उत्तर शोधणारी माणसं आता डर्बनमध्ये आहेत, आणि पेशीही तिथेच आहेत.

आजवर एचआयव्हीतून पूर्ण मुक्त झालेल्यांत सगळ्यात गाजलेला, टिमोथी रे ब्राउन, बर्लिनमध्ये उपचार झालेला अमेरिकन. त्याला लाभलेल्या अस्थिमज्जादात्यात सीसीआर-5 जनुकाचा, विषाणूचं पेशीत शिरायचं दार बंद करणारा, जो दुर्मीळ बदल होता तो उत्तर युरोपी लोकांत आढळतो. आफ्रिकेत आणि आपल्याकडे जवळपास नाहीच. त्याच्या कथेची कॉपी करून क्वाझुलू-नातालचं काही होणार नव्हतं.

पैसा

सॅन फ्रान्सिस्कोला निकाल मांडला गेला त्याच सुमारास अमेरिकन सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधनाचा निधी तोडायला सुरुवात केली होती. लसीच्या आणि एचआयव्हीच्या चाचण्या अर्ध्यावर थांबल्या. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था ही तिथल्या वैद्यकीय संशोधनाची सर्वांत मोठी दाती होती, त्यामुळे दणका एका-दोघांना नाही, सगळ्यांना बसला. परतीचं तिकीट आणि राखून ठेवलेली खुर्ची मी वर कौतुकाने सांगितली. त्या खुर्चीचा पगार वॉशिंग्टनहून येत असेल तर ती राखून ठेवणारा गाईड किती दिवस राखेल?

डर्बनच्या मांडणीतली ही कच्ची वीट होती आणि ती आधीपासून दिसत होती. देशाचं स्वतःचं वैद्यकीय संशोधन मंडळ पैसे घालत होतं, पण बाहेरच्या ओघासमोर ते अपुरंच. माणसं घडवायला पंधरा-वीस वर्षं लागली. ती विखुरायला दोन आर्थिक वर्षं पुरतात, कारण फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्राने एकेक पेशी तपासण्याचं तंत्र, येणाऱ्याला दुसरीकडे नोकरी लगेच मिळते.

पुण्याचा संबंध आता सांगते, कारण खरा आहे. आपलाही विषाणू सी. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता नाव बदललंय) 1992 ची, आणि तिचा पगार दिल्लीहून येतो, वॉशिंग्टनहून नाही. 1997 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पेपर आला होता. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांमध्ये, अँटिबॉडी तयार होण्याआधीची लागण विषाणूच्या पी-24 प्रथिनावरून पकडण्याचं काम त्यात होतं. जॉन्स हॉपकिन्सबरोबर केलेलं. म्हणजे उमलाझीच्या पंधरा वर्षं आधी ती फट आपल्याला सापडली होती, थेंबही आपल्या हातात होता.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते, सुप्त साठ्यावर. साठा मोजायच्या किटवर तिला तीन नमुन्यांत शून्य दिसत होतं. ‘मावशी, यांच्यात काहीच उरलं नाही असं लिहू का?’ मी विचारलं, विषाणूचा क्रम वाचलास का. नाही म्हणाली, सीक्वेन्सिंगचे पैसे मंजूर व्हायचेत. गाईडने काय सांगितलं? ‘सर म्हणाले, सध्या नमुने गोठवून ठेव, कुणाला देऊ नकोस.’

बरं वाटलं. तिला म्हटलं, क्रायोव्हायलवर पेनाने लिहू नकोस, पुसतं. पेन्सिलने लिही किंवा छापील लेबल लाव.